रुळांपलीकडचा पियानो

व्हर्लीन सग्जचं गाणं त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात घरोघरी रेडिओवर वाजत होतं, पण तिला पाहिलेलं कुणी नव्हतं. रेकॉर्डच्या वेष्टनावर कंपनीने एका सोनेरी केसांच्या पोरीचं चित्र छापलं होतं. म्हणून तर डोंगराकडच्या एका गावातल्या नाचघराच्या मालकाने तिला बोलावलं, आणि गाडी दारात थांबल्यावर तो पायरीवरच थिजला.

"व्हर्लीन कुठाय?"

"ही काय, समोर उभी आहे," ती म्हणाली.

मालक चाचरला. "बाई, मला वाटलं... इथं फक्त गोरेच नाचतात. नियमच आहे तसा. तुमचं गाणं आमची पोरं वाजवतील."

"गाणं आमचं आणि आम्हीच बाहेर?" ड्रमवाला क्लिओफस पुढे सरसावला. व्हर्लीनने त्याची बाही ओढून त्याला गाडीत बसवलं. त्या माणसासमोर तिला रडायचं नव्हतं.

रेल्वेच्या रुळांपलीकडे काळ्यांच्या वस्तीत ओझेलाबाईंची खानावळ होती; गाडी तिथे थांबली. बाईंनी काही न विचारता तळलेल्या माशाची ताटं पुढे ठेवली. व्हर्लीनने ताट बाजूला सारलं. कोपऱ्यात पियानो होता, त्यापाशी जाऊन ती नुसतीच बसली.

तेवढ्यात दारात एक गोरा तरुण आला, हातात टोपी चुरगाळत. "मी वेंडेल. नाचघरात पियानो वाजवतो. तुमच्या गाण्यातला तो डाव्या हाताचा ठेका... मला जमतच नाहीये."

खानावळीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग क्लिओफस म्हणाला, "सोपं आहे की! तू इथं मासे तळ, ती तिकडं जाऊन वाजवते."

सगळे खदखदून हसले. वेंडेल कानापर्यंत लाल झाला, पण हलला नाही.

व्हर्लीनला तो डावा हात वडिलांनी दिला होता. लाकूडतोड्यांच्या तळावर ते दिवसभर करवत ओढायचे आणि तिन्हीसांजेला मोडक्या पियानोवर तिची बोटं धरून ठेका गिरवायचे. ते गेले त्याला तीन वर्षं झाली होती. हे असं कुणालाही देऊन टाकायचं?

"शिकवणार नाही मी," ती म्हणाली. "मी माझ्यासाठी वाजवतेय. ऐकायचं तर ऐक."

"हो, बाई," म्हणत तो भिंतीला टेकला.

तिने सुरुवात केली. नाचघराच्या दारात गिळलेलं सगळं बोटांत उतरलं. क्लिओफसने दोन पातेली उलटी घातली आणि तो ठेका धरू लागला. शेजारपाजारचे धावत आले. ओझेलाबाईंनी पदर खोचावा तसा एप्रन कमरेला खोचला आणि त्याही नाचायला लागल्या. थोड्या वेळाने नाचघरातली चारपाच गोरी पोरंपोरीही रूळ ओलांडून आली. आधी दाराशी घुटमळली, मग आत शिरली.

अखेर पोलीस आले. "गोऱ्यांना इथं नाचवता?" म्हणून त्यांनी पियानोचं झाकण आपटून बंद केलं आणि व्हर्लीन आणि क्लिओफसला गाव सोडायला लावलं. वेंडेलची नोकरी गेली ती त्याच संध्याकाळी.

गाडी निघताना तो खिडकीशी आला. "अजून नाही जमलं."

"रियाज कर," व्हर्लीन म्हणाली. "आणि कुणी विचारलं हे कुणाचं म्हणून, तर नाव सांग. पूर्ण. व्हर्लीन सग्ज."

वळणावर क्लिओफस हळहळला, "माझा मासा ताटातच राहिला गं!"

व्हर्लीन हसली, आणि हसता हसता तिला आवरून धरलेलं रडू फुटलं. क्लिओफसने गाडी हळू केली.