नोनीचं तिसरं कडवं

फिडेल्मा रुआनच्या पहिल्या अल्बमला पंचवीस वर्षं झाली म्हणून रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये तिचं गाणं होतं, आणि सगळं गाव खुशीत होतं. खुशीत नव्हता तो एकटा कोलमन हेहिर. दारावरच्या जाहिरातीत लिहिलं होतं : ‘बदकवालीचं गाणं, प्रथमच संपूर्ण.’

फिडेल्मा आपली गाणी आपणच रचायची. पण हे एक तिचं नव्हतं. कोलमनच्या आईचं, नोनीचं होतं. विशीतली फिडेल्मा ते मागायला आली, तेव्हा नोनीनं तिला चहा पाजला, दोन कडवी दिली आणि तिसऱ्याच्या वेळी ‘पाव करपतोय’ म्हणून उठली. त्या दिवशी घरात पाव भाजायला ठेवलेलाच नव्हता. पाहुण्याला एक कडवं कमी द्यायचं, ही क्लेअर परगण्यातली जुनी रीत. तिसरं नोनीनं मरताना कोलमनला दिलं, ते घराबाहेर जाता कामा नये असं बजावून.

मग ते फुटलं कुठून?

“तू बोललीस,” तो शेजारच्या खुर्चीतल्या बहिणीला म्हणाला.

“मला आईनं सांगितलंच कुठं?” डिंपना म्हणाली. “लाडका तू.”

“दाराआडून ऐकलं असशील.”

“मी दाराआड असते तेव्हा तुझं घोरणं ऐकू येतं.”

कोलमननं मग पोस्टमनकडे पाहिलं. पोस्टमननं नमस्कार केला. म्हणजे तो असणारच. फादरही सुटले नाहीत. आई शेवटच्या कबुलीजबाबात त्यांच्याशी अर्धा तास बोलली होती, आणि तिच्याकडे अर्ध्या तासाची पापं नव्हती.

फिडेल्मानं बदकवालीचं गाणं धरलं. जत्रेत बदक विकायला निघालेल्या मुलीला पहिल्या कडव्यात शिपाई भेटला, दुसऱ्यात त्यानं घोडा दाखवला. तिसऱ्यात मुलगी लाजली, घोड्यावर बसली आणि शिपायाशी लग्न करून मोकळी झाली.

“खोटं!” कोलमन उभा राहिला. “साफ खोटं!”

फिडेल्मानं गाणं थांबवलं.

“मग खरं काय, कोलमन?” फिडेल्मानं फार गरिबीनं विचारलं.

नोनीच्या लेकीसुनांत कुणी शिपायाबरोबर पळालेलं नव्हतं. अब्रूचा प्रश्न होता. कोलमननं डोळे मिटले आणि गायला :

*शिपायाचा डगला उसना, शिपायाचं घोडं उसनं,*
*माझं बदक घेऊन जाते, पुरे तुझं हे हसणं.*

शेजारच्या म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे त्याचा हात धरून ठेका दिला, लोक ‘वा रे गड्या’ म्हणाले, फादरांनी तर पाय आपटले. डोळे उघडले तेव्हा फिडेल्मा कागदावर भराभर लिहीत होती.

“तुमचं ते लग्नाचं कडवं आणलं कुठून?” कोलमननं विचारलं.

“परवा घरीच जुळवलं,” ती म्हणाली. “खरं मला कोणी दिलंच नव्हतं ना.”

कोलमन हळूच खाली बसला.

“गेलं,” तो म्हणाला. “आईचं सगळं गाणं गेलं.”

डिंपनानं त्याच्या पाठीवर हात फिरवला. “जाऊ दे रे. चौथं तर नाही ना म्हणालास?”

“चौथं कुठाय?”

डिंपनानं हात काढून घेतला आणि ती एकदम टाळ्या वाजवू लागली.