नंबर जुळत नाही

"अनघा, नंबर वाच," म्हणत बाबांनी बोल्ट माझ्या हातात दिला.

मी वाचला. शेवटचे आकडे सत्तेचाळीस. मग टेबलावरच्या रायफलीचा वाचला. चौऱ्याहत्तर.

बाबा म्हणजे माझे सासरे, विश्वास मोहिते. चोवीस वर्षं फौजेत रायफली उघडून, साफ करून पुन्हा जोडायचं काम केलेलं. इथे परदेशात, तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना दिवस खायला उठायचा, म्हणून मीच मिस्टर लिम यांचा खाजगी संग्रह शोधून काढला. फौजेने मोडीत काढलेल्या, पिना काढून निकामी केलेल्या चाळीस जुन्या रायफली. दर मंगळवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जात, नळ्यांतून दोरीने तेलाची चिंदी ओढत आणि घरी येऊन पोटभर जेवत. घरभर तेलाचा वास यायचा म्हणून मी कुरकुरायचे, ते वेगळं.

रायफलीवर जो नंबर, तोच तिच्या बोल्टवर, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावर. एकीचा दुसरीला लावायचा नाही. त्या मंगळवारी ऑफिसला जाताना मी त्यांना सोडायला गेले, तर सहा रायफलींत अदलाबदल निघाली. सगळ्या बाबांनीच जोडलेल्या. चष्मा गेल्याच महिन्यात नवा केला होता. दोष डोळ्यांचा नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं.

याच चुकीसाठी त्यांनी एकदा हाताखालच्या माणसाची तक्रार वर केली होती आणि त्याच्या बाहीवरची हुद्द्याची फीत गेली होती. हे त्यांनी मला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाले, लिमसाहेबांना सगळं खरं सांग.

मी सांगितलं. मिस्टर लिम हसले. "नेव्हर माइंड लाह, अंकल. नोबडी चेक्स."

बाबा तसेच उभे राहिले, अजून काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखे. मला ऑफिसला जायची घाई होती.

"बाबा, त्या काय उडवायच्यात थोड्याच?"

हे मी बोलायला नको होतं. आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

त्यांनी माझ्याकडून एकेक नंबर वाचून घेत सहाही बोल्ट जागच्या जागी बसवले. पुढच्या मंगळवारी इस्त्रीचा शर्ट कपाटातच राहिला. सकाळी त्यांनी आपल्या साऱ्या चिंद्या साबणाने धुतल्या, खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातल्या आणि संध्याकाळी नीट घड्या करून माझ्यापुढे ठेवल्या.

"ओटा पुसायला घे," ते म्हणाले. "स्वच्छ आहेत."