मुरूडला जायचं ठरलं

मुरूडला जायचं ठरलं, तेव्हा पहिला गोंधळ सरजाबाईंनी घातला. सरजाबाई म्हणजे अर्धापूरच्या रामकिशनच्या विहीणबाई, लातूरला राहणाऱ्या. जावई शिवशंकर, म्हणजे सरजाबाईंचा मुलगा, कॉलेजात शिकवायचे. त्यांनी सगळ्यांना एकाच फोनवर घेतलं होतं आणि दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही घरांनी मिळून समुद्रावर, मुरूडला जायचं, असं ते सांगत होते. तेवढ्यात मागून सरजाबाईंचा आवाज आला.

"मुरूड तर माझं माहेर हाय. तिथं समुद्र कवा आला? आमच्या लहानपणी तर प्यायला पाणी न्हवतं तिथं!"

लातूरला सगळे पोट धरून हसले, इकडं अर्धापुरातही सगळे हसले. रामकिशनच्या लेकीनं, आरतीनं, मग सासूला समजावून सांगितलं, की आपल्या लातूरजवळचं मुरूड वेगळं आणि कोकणातलं वेगळं. रामकिशनही हसला. पण मुरूड हे नाव ऐकल्याबरोबर त्याच्याही डोळ्यांपुढं आधी लातूरचाच रस्ता आला होता, हे काही तो बोलला नाही.

कामं वाटून घेतली गेली. खोल्यांचं शिवशंकरांनी बघायचं. होडीचं हरिओमनं. हरिओम रामकिशनचा मुलगा. घरची केळीची बाग तोच बघायचा, पण जेवतानासुद्धा त्याच्या मोबाइलवर कुणीतरी भर समुद्रात गळ टाकून बसलेलं असायचं. माणसाएवढा मासा वर आला की हा ताटावरून ओरडायचा. आयुष्यात एकदा तरी आपणही तशी होडी भाड्यानं घ्यायची आणि दिवसभर गळ टाकून बसायचं, हे त्यानं मनात पक्कं केलं होतं. रामकिशनच्या गळ्यात माळ, घरात मासळी शिजायची नाही. "तुम्ही धरू नका, बाबा. नुसतं पाणी बघा," असं म्हणून त्यानं बापाला तयार केलं होतं.

नंतरच्या दिवसांत लातूरहून आरतीचे फोन येत राहिले, घरात हरिओम सांगत राहिला आणि रामकिशन दोघांनाही "हाव, हाव" म्हणत राहिला.

एकदा आरतीनं रस्ता सांगितला. पुण्याहून ताम्हिणीचा घाट उतरायचा, माणगाव लागलं की उजवीकडं. दुसऱ्या दिवशी बागेत पाणी सोडताना हरिओम म्हणाला, "माणगावपासून डावीकडं वळलं की महाड, अन् मग दापोलीचा रस्ता."

"आरती तर उजवीकडं म्हणली," असं रामकिशनच्या ओठांवर आलं होतं. पण सरजाबाईंवर सगळे कसे हसले ते आठवलं आणि तो गप्प राहिला. हरिओम गेल्यावर त्यानं वाळक्या काडीनं ओल्या मातीत रस्ता काढला. घाट काढला, माणगाव काढलं. पुढं काडी कुणीकडं न्यावी हे काही कळेना.

मग किल्ल्याचं झालं. आरती म्हणाली होती, समुद्रात जंजिरा आहे, जवळच नवाबाचा राजवाडा आहे. हरिओमच्या बोलण्यात सुवर्णदुर्ग आला आणि किनाऱ्यावर संध्याकाळी होणारा मासळीचा लिलाव आला. राजवाड्याचं नाव नाही. दोन्हीकडं किल्ला मात्र समुद्रातच. मग एक नाव आपण चुकीचं ऐकलं का? का दोन किल्ले आहेत? का आरती असं काही बोललीच नाही?

त्यावर कहर म्हणजे, हरिओम एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, होडीत केळी न्यायची न्हाईत बरं का. अपशकुन असतो."

केळी! ज्या केळीवर हे घर उभं राहिलं, पुनम सून म्हणून आली तीही केळी बघूनच, ती केळी अपशकुनी? असं कुणी बोलूच शकत नाही, असं रामकिशनला वाटलं. म्हणजे आपल्यालाच काहीतरी भलतं ऐकू आलं. त्याचा घास तसाच हातात राहिला.

खरी भीती दुसरीच होती. त्याचे वडील ज्ञानोबा शेवटच्या काळात असेच होत गेले होते. आधी रस्त्यांची सरमिसळ, मग नावांची. एक दिवस स्वतःच्याच बागेच्या बांधावर उभं राहून त्यांनी रामकिशनला विचारलं होतं, "पाव्हणं, ही बाग कुणाची ओ?" रामकिशननं तेव्हा बागेच्या मालकाचं, म्हणजे त्यांचंच नाव सांगितलं. "चांगला माणूस हाय," असं म्हणून ते चालू लागले होते.

रामकिशन आता स्वतःला तपासू लागला. कालव्याच्या कडेनं कुणाकुणाचं रान लागतं, ते मनात म्हणून बघायचा. सगळी नावं यायची. मग आपल्या लग्नाच्या वेळी दारी असलेल्या बैलजोडीची नावं आठवायला घेतली. एकाचं आलं, दुसऱ्याचं येईना. दिवसभर आलं नाही. संध्याकाळी त्याची बायको सिंधु म्हणाली, "आवं, चहा निवून गेला की. कुठं ध्यान हाय तुमचं?"

"हाय की. इथंच हाय."

सिंधुनं त्याच्याकडं पाहिलं आणि कप उचलून नेला. तीही हल्ली गप्पगप्पच असायची. पण ते त्याच्या ध्यानात यायला त्याचं ध्यान जागेवर कुठं होतं?

एक दिवस ठिबकची नळी आणतो म्हणून तो नांदेडला गेला आणि सरळ एका मेंदूच्या डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बसला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, त्रास काय होतोय?"

काय सांगावं? माणगावहून डावीकडं का उजवीकडं, ते कळत नाही म्हणून? "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि बाहेर आला तो थेट बसस्टँडवर. घरी आल्यावर सिंधुनं नळी कुठंय विचारलं, तेव्हा कुठं नळीची आठवण झाली.

त्या रविवारी सगळे लातूरला जमले, शेवटचं काय ते ठरवायला. सरजाबाईंनी धपाटे केले होते. शिवशंकर खोल्यांचे फोटो दाखवत होते. "मामा, बघा, ह्या गॅलरीतून जंजिरा दिसतो."

हरिओम धपाटा मोडता मोडता म्हणाला, "अन् सकाळी सात वाजता होडी. हर्णै बंदरातून."

कुणालाच काही खटकलं नाही. दोघंही "मुरूड, मुरूड" म्हणत होते. रामकिशननं एकदा ह्याच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा त्याच्या. हसतील तर हसोत, असं वाटलं. नाहीतरी किती दिवस लपवणार?

"मला एक सांगा," तो म्हणाला. "माणगावपासून डावीकडं जायचं का उजवीकडं?"

"उजवीकडं, मामा," शिवशंकर म्हणाले.

"डावीकडं," हरिओम म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोन मोबाइल शेजारी शेजारी ठेवले गेले. दोन नकाशे. दोन मुरूड. एक अलिबागच्या खाली, रायगडात. दुसरं दापोलीजवळ, रत्नागिरीत. खोल्या एका मुरूडला, होडी दुसऱ्या.

"दाजी, मी मुरूड म्हणलो तवा तुम्हाला कोणतं वाटलं?"

"मुरूड म्हणजे मुरूड! मला काय माहीत कोकणात दोन-दोन ठेवलीत!"

हरिओमनं तिथल्या तिथं नाखव्याला, म्हणजे होडीवाल्याला, फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडं वारा आणि इंजिनाची घरघर. नाखवा मनापासून हसला. "अहो, त्या मुरूडातून इथं यायचं तर मधे खाड्या. सकाळच्या होडीला दुपारी पोचाल. येतात हो, चुकून येतात माणसं."

रामकिशननं फोन जवळ ओढला. "नाखवासाहेब, होडीत केळी चालत न्हाईत का?"

"कोण म्हणलं? घड घेऊन या. आम्हालाही ठेवा."

"व्हिडिओत बघितलं होतं मी," हरिओम पुटपुटला. "बाहेरच्या देशातल्या."

म्हणजे तो तसं म्हणाला होता. आरतीही तसंच म्हणाली होती. रामकिशननं सगळं बरोबर ऐकलं होतं, शब्द न् शब्द. त्याला हसू आलं आणि ते थांबेना. बाकीचे गोंधळून त्याच्याकडं बघत राहिले. सरजाबाई तेवढ्या म्हणाल्या, "मी इचारलं तर मला येड्यात काढलं. आता बगा."

बराच वेळ वाद झाला. शेवटी होडी आहे तशी ठेवायची आणि खोल्या दापोलीकडं बघायच्या, असं ठरलं. शिवशंकर थोडे नाराज झाले, त्यांना जंजिरा बघायचा होता. आरतीनं त्यांची समजूत काढली.

परतताना अहमदपूरला गाडी थांबली. हरिओम आणि पुनम चहा आणायला उतरले. मागच्या सीटवर दोघंच राहिल्यावर रामकिशननं सिंधुला सगळं सांगितलं. वडिलांचं, मातीतल्या रस्त्याचं, न आठवणाऱ्या बैलाच्या नावाचं, नांदेडच्या दवाखान्याचं.

ती म्हणाली, "मला वाटायलं होतं, माझे कान गेले."

"कान?"

"पोरगी एक बोलायली, पोरगं एक. मला वाटलं, मलाच नीट ऐकू येईना झालं. आई तशीच झाली होती माझी. म्हणून मी कुणाच्या मधे बोलतच न्हवते."

इतके दिवस एकाच घरात, एकाच फोनला कान लावून दोघं बसत होती.

"मग आता डॉक्टरकडं जायचं का न्हाई?" त्यानं विचारलं.

"त्या बैलाचं नाव आलं का ध्यानात?"

"न्हाई अजून. तुला ठावं हाय?"

सिंधुनं आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. समोरून हरिओम दोन्ही हातांत चहा सांभाळत गाड्यांमधून वाट काढत येत होता.

"मलाबी येईना," ती म्हणाली. "दोघंबी जाऊ. आधी समुद्र बघून येऊ."

आपल्याला हायसं वाटतंय की भीती वाटतेय, ते काही रामकिशनला उमगलं नाही. त्यानं काच खाली केली आणि चहासाठी हात बाहेर काढला.