नवसाबाईंच्या भिंतीवरचा फळा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणतात. खरं आहे. पण खंडेनवमीच्या सकाळी मी जे पाहिलं, ते पाहून एखादा संतसुद्धा भडकला असता.

हरसूलच्या पुढे, दोन डोंगरांच्या बेचक्यात हा पाडा आहे. दोन्ही डोंगरांवर टॉवर आहेत, त्यामुळे मोबाईलवर दांड्या पूर्ण दिसतात आणि बोलणं मात्र ‘हॅलो, हॅलो’च्या पुढे जात नाही. दोघांचे सिग्नल आरोग्य उपकेंद्रापाशी सारख्याच जोराने येतात आणि एकमेकांत मिसळतात. नळावर दोन बायका एकदम बोलायला लागल्या की एकीचंही कळत नाही, तशी गत. म्हणून मी आमच्या नाशिकच्या कॉलेजात एक पॅनल तयार केलं. खाटेएवढी पाटी, तिच्यावर शेकडो छोट्या चकत्या. आलेली लहर कशी परतवायची, हे प्रत्येक चकतीला लॅपटॉपवरून सांगता येतं. एका टॉवरच्या लहरी उपकेंद्राकडे एकवटायच्या आणि दुसऱ्याच्या अशा फिरवायच्या की तिथे पोचेपर्यंत त्या एकमेकींना खोडून टाकतील. उपकेंद्रासमोर राहणाऱ्या नवसाबाईंच्या घराच्या भिंतीवर आम्ही ते बसवलं. पाड्यातले लोक त्याला फळा म्हणू लागले.

आदल्या दिवशी फळा झकास चालला होता. खंडेनवमीला कॉलेजला सुट्टी, म्हणून आमचे विभागप्रमुख यज्ञेश्वर सर तो बघायला आले. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, “मंजुषा, शहरातल्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल टिकला तर पॅनल इथे राहील. नाहीतर प्रयोगशाळेत परत.”

आम्ही पोचलो तेव्हा नर्स ज्योत्स्ना उपकेंद्राच्या दारातच उभी होती. नवसाबाईंची सून स्नेहल, आठवा महिना, पाय सुजलेले. पहाटेपासून डोकं ठणकत होतं आणि रक्तदाब चढला होता.

“ताई, डॉक्टरांना आत्ता दाखवायला हवं,” ज्योत्स्ना म्हणाली. “लावा लवकर.”

मी कॉल लावला. डॉक्टरबाईंचा चेहरा चौकोना-चौकोनांत फुटला आणि गोठला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी बाहेर धावले आणि फळ्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा. विळे, कोयते, नांगर यांच्या बरोबरीने नवसाबाईंनी फळ्यालाही पुजलं होतं. हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि वरच्या अर्ध्या भागावर बाजारातून आणलेली चंदेरी चमकीची जाड झालर. त्या चमकीत धातूचा मुलामा असतो. लहरी तिच्यावरच आदळून भलतीकडे उधळत होत्या.

“आधी ती झालर काढा!” मी ओरडले.

“नाय काढायची,” नवसाबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. “सूनबाईसाठीच पुजलाय त्याला. पूजा मोडली आन् तिला काय झालं तर?”

सर त्र्यंबकच्या पुरोहितांच्या घरातले. ते पुढे झाले. “आजी, मी सांगतो ना, दोष लागत नाही.”

“तुमचा देव तुम्हाला सांगत असंल. माझा मला सांगतो.”

माझ्या तोंडावर चार शब्द आले होते. पण त्यांची नजर सारखी उपकेंद्राच्या दाराकडे जात होती. घाबरल्या होत्या बिचाऱ्या, माझ्याइतक्याच. आणि तेव्हाच मला माझी स्वतःचीच लाज वाटली. लहरी हव्या तशा वळवणारी पाटी बनवली म्हणून मी वर्षभर मिरवत होते, आणि एका झालरीपुढे हातपाय गाळून बसणार होते?

“राहू द्या आजी,” मी म्हणाले. “तुमची झालर तिथंच राहील. माझा फळा तिच्यासकट शिकेल.”

भिंतीपाशीच बसून मी लॅपटॉप मांडीवर घेतला. झाकलेल्या चकत्या हिशेबातून काढल्या आणि खालच्या मोकळ्या चकत्या नव्याने जुळवायला लावल्या. ज्योत्स्ना दारातून फोनवरचं सिग्नलचं माप वाचून ओरडत होती, “वाढलं! घटलं! पुन्हा वाढलं!” सर माझ्या पाठीमागे वाकून उभे होते.

“आलं! ताई, आलं!”

डॉक्टरबाईंचा आवाज उपकेंद्रातून थेट अंगणात ऐकू आला. “पाय दाखव बाळा. डोळ्यांना नीट दिसतंय, की अंधुक दिसतंय? बरं. ज्योत्स्ना, इंजेक्शन सांगते ते दे. गाडी पाठवतेय, हिला लगेच इकडे आणा.” एक शब्द तुटला नाही. मी तिथेच मातीत नाचले. खरंच नाचले, सरांसमोर.

गाडी स्नेहलला घेऊन गेल्यावर नवसाबाई मला म्हणाल्या, “बघ, पूजा केली म्हणून चालला फळा.”

एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी नुसतं हसले. सर गाडीत बसताना म्हणाले, “पॅनल इथून हलवायचं नाही. झालरसुद्धा.”

दसऱ्याच्या दुपारी आम्ही सगळे पुन्हा त्याच अंगणात होतो. फोन वाजला. ज्योत्स्नाने तो नवसाबाईंच्या कानाला लावला, मग त्यांनीच तो ओढून सगळ्यांना ऐकू जावा म्हणून वर धरला.

नाशिकहून त्यांची नात रडत होती. खणखणीत, एकसलग, कुठेही न तुटता.