पाच टाळ्या आणि एक रिकामी

राणीचा रोल मला मिळाला तेव्हा सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला, पण तो मी कुणाला दाखवला नाही. आमची परळची शाळा, नववी ब, सेमी इंग्लिश. दरवर्षी आंतरशालेय स्पर्धेत आम्ही मराठी एकांकिका करतो. या वर्षी इंग्लिशच्या ललिता मॅडमनी ठरवलं की चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज नाटककाराचं नाटक करायचं, छोटं करून, पण त्याच्याच इंग्लिशमध्ये. त्यात युद्धात मेलेल्या मुलाच्या शेजारी उभी राहून राणी एक भलंमोठं भाषण करते. मॅडम म्हणाल्या, "आकांक्षाचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो. राणी आकांक्षा." याच आवाजापायी सातवीत मी अर्धं वर्ष वर्गाबाहेर उभी होते.

दीपिकाला स्टँडबाय ठेवलं. म्हणजे मी आजारी पडले किंवा माती खाल्ली, तर ती राणी. दीपिका माटुंग्याची, माझ्याच बाकावर बसते, आणि तिचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं आहे हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

पाठांतराचं मला टेन्शनच नव्हतं. लालबागच्या पोरांना पाठ कसं करायचं हे शिकवावं लागत नाही. गणपतीत आमच्या मजल्यावर रोज आरत्या होतात, आणि ज्यांना नीट बोलता येत नाही ती पोरंसुद्धा टाळ्यांवर अख्खी कडवी म्हणतात. अर्थ विचारला तर तुमच्या तोंडाकडे बघतील. मी पाढे तसेच पाठ केले, इतिहासाची उत्तरं तशीच. त्यात मॅडमनीच वर्गात सांगितलं की या नाटकाच्या प्रत्येक ओळीत पाच ठोके असतात. मला काय, आयतंच मिळालं.

शेवंतीआत्या आमच्या मजल्यावर आरतीला पुढे असते. मी भाषण तिला म्हणून दाखवलं. तिने दोनदा हातावर मोजून बघितलं.

"पाचात बसणा नाय गो," ती म्हणाली. "सहावी रिकामी सोड. मगे बघ."

बसलं. पाच टाळ्या, एक रिकामी. आठवडाभर संध्याकाळी आत्या टाळ्या वाजवायची आणि मी गॅलरीत राणी व्हायचे. शेजारचे गंगाधरकाका येता-जाता दोन टाळ्या देऊन जायचे. सगळं भाषण घडाघडा पाठ.

सोमवारच्या तालमीत मी ते म्हटलं. चौथ्या ओळीला सैनिक झालेली मुलं मांडीवर ठेका धरायला लागली. मेलेला मुलगा म्हणजे हितेंद्र, तो बाकावर पडल्या पडल्या पायाचा अंगठा हलवत होता.

मॅडमनी हात वर केला. "आकांक्षा, तुझा मुलगा गेलाय."

"हो मॅडम."

"मग प्रसाद वाटायला निघाल्यासारखी का बोलतेयस?"

सगळे हसले. मीही हसले, कारण नाही हसले असते तर रडले असते. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत हा ठेका गेला पाहिजे. नाही गेला तर शनिवारी दादरला स्पर्धेत दीपिका उभी राहील. मला वाईट वाटेल, पण राहील."

घरी जाऊन मी ठेका काढायला बसले तर काय, ठेक्याबरोबर शब्दही गेले. हळू म्हटलं, गेले. कुजबुजत म्हटलं, गेले. जिना चढताना म्हटलं तर पायऱ्यांनीच ठेका धरला. जेवताना माझी बोटं ताटावर वाजायला लागली की आई नुसती बघायची.

"आत्या, तू चुकीच्या टाळ्या मार," मी म्हटलं. "मला बिघडवायचंय."

आत्याने खरंच प्रयत्न केला. दोन टाळ्या वाकड्या पडल्या आणि तिसरी आपोआप जागेवर आली. तिने परत केलं, परत तेच. शेवटी स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "माका जमणा नाय. हात ऐकणत नाय."

जिच्या घरी आरती मोबाइलवर लागते अशी माझ्या ओळखीत एकच मुलगी होती.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी दीपिकाला विचारलं. ती डबा खात होती.

"टाळ्या मारू? मला ठेका येत नाही, तुला माहितेय."

"म्हणूनच."

"आणि तुझा ठेका गेला तर रोल तुझाच राहणार."

"हो. तुला हवाय ना तो?"

"हवाय की. मागच्या महिन्यापासून पाठ आहे माझं." तिने डब्याचं झाकण लावलं. "चल, सुरू कर."

दीपिकासारख्या टाळ्या मी जन्मात ऐकल्या नाहीत. नुसता खडखडाट. तिसऱ्या ओळीला मी आपटले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच.

"इथे ती कुणाशी बोलतेय?" दीपिकाने विचारलं.

"राणी ना? सगळ्यांशी."

"सगळ्यांशी काय? अगं, ती मुलाला विचारतेय, तुला थंडी वाजतेय का म्हणून. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. अख्खं भाषण तोंडपाठ, आणि त्यात एक साधा प्रश्न आहे हे मला माहीत नव्हतं. उरलेली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ आम्ही ओळ न् ओळ मराठीत लावण्यात घालवला. पण शब्द अजूनही धड येत नव्हते. त्या रात्री मी आत्याला टाळी मारू दिली नाही, आणि माझे हात मांडीखाली दाबून बसले.

गुरुवारी तालमीत दीपिका पुस्तक घेऊन खाली बसली, अडलेल्याला शब्द द्यायला. मी सुरुवात केली. ठेका आला नाही. दोन ओळी म्हटल्या, आणि तिसरीला काहीच नाही. डोकं रिकामं. सैनिक माझ्याकडे बघायला लागले. मी दीपिकाकडे पाहिलं. तिचं बोट ओळीवर होतं आणि तोंड बंद.

ती देणार नाही, असं मला वाटलं. मी खाली बघितलं. हितेंद्र डोळे मिटून पडला होता, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, उघड्या गळ्यावर पंख्याचा वारा. याला थंडी वाजत असेल, असं डोक्यात आलं, आणि त्यापाठोपाठ त्याचं इंग्लिश आलं. मी ते त्यालाच विचारलं. मग पुढचं, अडखळत, शेवटपर्यंत.

मॅडम म्हणाल्या, "शनिवारी तूच. दोन ओळी खाल्ल्यास, त्या उद्या आण." आणि लगेच सैनिकांना ओरडायला वळल्या.

मी दीपिकाशेजारी जाऊन बसले. "शब्द का नाही दिलास?"

"बघत होते, तू थांबलीस की विसरलीस."

"विसरलेच होते."

"मला काय माहीत? तू हितेंद्रकडे बघत होतीस."

"आणि खरंच आठवलं नसतं तर?"

"तर मी उठले असते," ती म्हणाली. "राणीचा झगा मला बसतो, मी घालून बघितलाय." तिने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "ह्या दोन. आधी मराठीत सांग, काय म्हणतेय ती."

मी ओळींकडे बघितलं. "म्हणतेय," मी म्हटलं, "थांब, नीट बघू दे."