मडक्यावरचे अकरा वेढे

मी बिलकिस. माहेर बांगडीवाल्या मणियारांचं, सासर देऊळगाव राजातल्या घड्याळवाल्याचं. आमचे युसूफमियाँ म्हणजे इंग्रज सरकारचं लायसन घेऊन वायरलेसवर आभाळाशी बोलणारे! लिंबाच्या शेंड्याले तार, तिथून दोन पिळलेल्या तारा खाली घरात, अन् तारऑफिसातल्यावाणी खटक्यावर दिवसभर टकटक. उत्तर मात्र वर्षभरात एकदाही आलं नाई.

उत्तराऐवजी शेजारचे नारायणराव आले, लालबुंद होऊन.

"युसूफ, तू टकटक केली का माह्या रेडिओतलं गाणं बेडकावाणी ओरडते. आज संध्याकाळी पुन्हा ओरडलं तं उद्या सरकारले चिठ्ठी धाडतो. लायसन गेलंच समज!"

मियाँ रडकुंडीले आले. त्यायनं टॉर्चचा बल्ब तारेच्या एका कड्याले जोडला अन् एका हातानं खटका दाबून घरात येणाऱ्या तारेजवळ नुसता धरला. या अल्ला! ना बॅटरी, ना काही, अन् बल्ब पेटला! माह्या अंगावर सरसरून काटा आला.

"पाह्य," ते म्हणे, "झाडावरून आभाळात जायाची वीज तारेच्या अंगावरून घरात परत येऊन राह्यली, अन् नारायणरावाच्या रेडिओत शिरून राह्यली. तारेचे वेढे घातले तं अडते म्हणतात. म्या घातले, काहीच झालं नाई."

म्या वेढे पाह्यले. एकावर एक, नुसता गुंता!

"अवो, हे काय गुंडाळलं? माह्या बापानं तुमाले दुकानातून हाकललं असतं!"

कोरडं मडकं घेतलं. दांडीवर बांगड्या लावतात तशी घरात येणारी तार एकाले एक भिडवून गुंडाळली, एकही वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाई. अकरा वेढे झाले. मियाँनी खटका दाबला. म्या मडक्याच्या झाडाकडल्या बाजूले बल्ब धरला, पेटला. घराकडल्या बाजूले धरला, विझला. तार तीच, मधात फक्त मडकं! मी तं तोंडावर हात ठेवून पाहतच राह्यले.

संध्याकाळी नारायणराव दारात.

"काऊन बे, थांबला काऊन? भेला काय?"

"थांबलो कुठं? अर्धा घंटा झाला, पाठवूनच राह्यलो."

भिंतीपल्याड त्याइचं गाणं साफ वाजत होतं. तेवढ्यात मियाँनी हात वर केला. कानावरच्या ऐकायच्या डब्या दाबल्या. डोळे भरून आले.

"जावा बेट," ते म्हणे. "तिथून कोणीतरी मले बोलावून राह्यलं."

नारायणरावांनी डब्या कानाले लावल्या. समुद्रापलीकडून कोण्या अनोळखी माणसाची बारीक टकटक. त्याइचा चेहरा लहान लेकरावाणी झाला. मंग चपला दाराबाहेर काढून आले, अन् मले हळूच म्हणाले,

"बिलकिसबाई, तेवढा माहा रेडिओ बंद करून येता काय? मले हे नीट ऐकू द्या."