सोबत्याची सही

"सोबती कोण राहणार?" साहेबांनी विचारलं.

"मी," म्हणालो.

"मग इथं सही करा. त्या सांगतील त्यालाच मत द्यायचं आणि बाहेर कुणाला सांगायचं नाही."

मी सही केली.

मागच्या विधानसभेची गोष्ट. दर्यापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात निवडणुकीची माणसं जीप घेऊन आली होती. साखरेच्या आजारानं माझ्या बायकोचे, दुर्गाचे, दोन्ही डोळे गेले होते, म्हणून तिचं मत घरीच घेणार होते. दारात पोलीस, अंगणात शूटिंगवाला. बाजेसमोर स्टुलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. दुर्गा सकाळीच न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसली होती.

"सायेब, चहा घेऊन जा. आमच्या घरी सरकार पयल्यांदाच आलं."

"चहा चालत नाही, आजी."

मताच्या बाबतीत ती अशीच होती. देशाच्या पहिल्या निवडणुकीची यादी करणारा आला, तेव्हा तिच्या आजोबांनी सुनेचं नाव परक्या माणसाला सांगितलं नाही. 'सखारामची बायको' लिहा म्हणाले. अशी नावं मग यादीतून काढून टाकली. पुढच्या वेळी तिची आई स्वतः दारात येऊन म्हणाली, "माणिकबाई लिवा." दुर्गा हे दर निवडणुकीला सांगायची. मला पाठ झालं होतं.

या वेळी उभा होता शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष. आमचा धर्मेंद्र त्याच्या शाळेत नऊ वर्षं शिपाई, तोही कच्चा. आठवड्याआधी अध्यक्षाचा माणूस किशोर घरी येऊन बसला.

"काका, घरची समदी मतं भाऊले पायजे. निकाल लागला का धर्मेंद्रची पक्की ऑर्डर."

तो गेल्यावर दुर्गा म्हणाली, "नऊ वर्सं पोराले झुलवलं, अन् त्याले मत देऊ? मी केशवरावले देईन. निवडून येवो का पडो."

"पोराकडं पाय ना जरा."

"पोराकडंच पाऊन राहिली मी."

आडोशामागे आम्ही दोघंच. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "केशवराव."

मी पेन घेतला आणि अध्यक्षाच्या नावासमोर खूण केली.

"झालं काय?"

"झालं."

"कुठी हाय? मले दाखवा."

मी तिचं बोट धरून केशवरावांच्या नावावर ठेवलं. तिथे काहीच नव्हतं. तिनं बोट जरा उचललं.

"पुसन तं नाई ना माह्या हातानं?"

"नाई पुसत."

पाकीट तिनंच चिकटवलं. दोनदा दाबून पाहिलं.

अध्यक्ष वीस हजारांनी निवडून आला. आमच्या मताची त्याला गरजच नव्हती. धर्मेंद्रची ऑर्डर आली नाही, अजूनही आलेली नाही. किशोर आता फोन उचलत नाही. निकालाच्या दिवशी गुलाल उधळत मिरवणूक दारावरून गेली. डीजेनं पत्रे थरथरत होते. दुर्गा बाजेवरून म्हणाली, "जाऊ द्या. माह्यं मत तं नाई त्याच्यात."

मी भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला.

त्यानंतर ती चार महिने होती. रोज संध्याकाळी मी तिच्याजवळ बसायचो. अकोल्याच्या दवाखान्यात शेवटचे सहा दिवस तर आम्हाला बोलण्याशिवाय दुसरं कामच नव्हतं. पावसापाण्याचं बोललो, नातीच्या शाळेचं बोललो. एवढं एक बोललो नाही.

ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेत धर्मेंद्र बोलायला उभा राहिला. "माह्या नोकरीचा सवाल होता," तो म्हणाला, "तरी माह्या मायनं मत फिरवलं नाई." सुनेनं त्याला हात धरून खाली बसवलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

मागच्या खुर्चीवरून केशवराव उठले. पडलेला माणूस, आता त्यांच्याबरोबर कोणी नसतं. एकटेच मोटारसायकलवर आले होते. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले.

"देवमनभाऊ, या गावात कोणाचं काय सांगता येत नाई. पण वयनीचं एक मत माह्यं पक्कं होतं."

धर्मेंद्र माझ्याकडे पाहत होता.

"होतं," मी म्हणालो, आणि त्यांना बसायला जागा करून दिली.